विष कुणासाठी? : झाडावरच्या सापांची रसायनं आणि त्यांची उत्क्रांती



ही व्याख्यानमाला आमच्या सरांच्या स्मृतीनिमित्त चालते. सरांच्या वर्गात कुणी एखाद्या सापाचं नाव काढलं, की दुसरा कुणीतरी हमखास विचारायचा, ‘सर, तो विषारी असतो का?’ सर लगेच उत्तर देत नसत. ‘आधी सांग, तो खातो काय?’ असं उलट विचारत. त्या वयात आम्हाला वाटायचं, सर विषय बदलताहेत. खरं तर त्या प्रश्नातच विषाचं सगळं शास्त्र होतं. आज मी तोच प्रश्न घेऊन तुमच्यासमोर उभा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला तुम्हाला झाडावर चढवणार आहे.

सुरुवात एका मृत्यूनं करतो. २५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये, शहरातल्याच लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयानं ओळख पटवण्यासाठी पाठवलेला एक लहानसा आफ्रिकी साप कार्ल पॅटरसन श्मिट यांनी हातात घेतला. श्मिट तेव्हा ६७ वर्षांचे होते आणि सर्पशास्त्रात त्यांचा शब्द जगभर मानला जायचा. साप बूमस्लँग या वृक्षसर्पासारखा दिसत होता, पण गुदद्वारावरचा खवला त्या जातीत असतो तसा दुभंगलेला नव्हता, म्हणून शंका होती. सापानं त्यांच्या डाव्या अंगठ्याला चावा घेतला. मागच्या विषदातांपैकी एकच लागला. साप पिल्लू, दात एकच. हे जिवावर बेतेल असं श्मिट यांना वाटलं नाही. त्यांनी सवयीप्रमाणे लक्षणं लिहून ठेवायला घेतली. आगगाडीनं घरी जाताना मळमळ, मग हुडहुडी आणि ताप, हिरड्यांतून रक्त. सकाळी बरं वाटलं, न्याहारी झाली. त्याच दुपारी त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात मेंदूसह अनेक अवयवांत रक्तस्राव आढळला. पुढे १९७५ मध्ये रोबर्ट मेर्टेन्स हे जर्मन सर्पशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्याच, वाळक्या फांदीसारख्या दिसणाऱ्या थेलोटॉर्निस या वृक्षसर्पाच्या दंशानं गेले. दोघेही आयुष्यभर साप हाताळलेले, आणि दोघांचे साप झाडावर राहणारे, मागच्या दातांचे.

आता सरांचा प्रश्न विचारू. श्मिट यांना चावलेला साप बूमस्लँगच होता. तो खातो काय? शॅमेलिऑन सरडे आणि पक्षी. त्याच्या विषात सुमारे तीन चतुर्थांश वाटा मेटॅलोप्रोटीएझ या एकाच कुळातल्या विकरांचा असतो आणि त्यांचं मुख्य काम रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला जागं करणं. प्रोथ्रॉम्बिन जागं झालं की थ्रॉम्बिन बनतं, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे विणतं आणि रक्त गोठतं. म्हणजे हे विष मुळात रक्त गोठवणारं. मग श्मिट रक्तस्रावानं कसे गेले? याचं उत्तर शरीराच्या आकारात आहे. काही ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या अंगात तेवढंच विष गेलं, तर वाहिन्यांतलं रक्त जागच्या जागी गोठतं, मेंदूकडे आणि हृदयाकडे जाणारा प्रवाह थांबतो आणि पक्षी क्षणांत निश्चल होतो. माणसाच्या पाचेक लिटर रक्तात तेच विष विरळ होतं. सूक्ष्म गुठळ्या होत राहतात, विरघळत राहतात आणि त्या धांदलीत शरीरातलं फायब्रिनोजेन संपून जातं. गोठण्याचं साहित्यच उरलं नाही की जिथं बारीकशी इजा असेल तिथून रक्त वाहू लागतं. पक्ष्याला गोठवून मारणारं विष माणसाला वाहवून मारतं. पहिला मृत्यू उत्क्रांतीनं घडवलेला आहे. दुसरा अपघात आहे. विषाबद्दलची आपली बहुतेक पुस्तकं या दुसऱ्या मृत्यूवरून लिहिलेली आहेत, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

विष म्हणजे नेमकं काय, हे थोडक्यात सांगितलं पाहिजे. सापाच्या विषातलं पाणी काढून टाकलं, तर जे उरतं त्यात जवळजवळ सगळी प्रथिनं आणि पेप्टाइडं असतात. एका विषात ती डझनांनी, कधी शंभराहून अधिक असतात, पण त्यांची कुळं मोजकी. पेशींमधली बंधनं तोडणारी आणि रक्त बिघडवणारी मेटॅलोप्रोटीएझ. पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंवर काम करणारी फॉस्फोलायपेझ. रक्त गोठण्याच्या साखळीत ढवळाढवळ करणारी सीरिन प्रोटीएझ. आणि आज ज्यांच्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार आहे ती ‘तीन बोटांची’ विषं. हा रेणू साठ-सत्तर अमिनो आम्लांचा, आटोपशीर. गंधकाच्या बंधांनी आवळलेल्या गाभ्यातून तीन वेटोळी बाहेर आलेली, म्हणून हे नाव. मज्जातंतू स्नायूला जिथं आज्ञा देतो तिथल्या ॲसिटिलकोलीन-ग्राहीवर तो जाऊन बसतो. आज्ञा पोचत नाही आणि स्नायू लुळा पडतो.

ही कुळं सापांनी शून्यातून निर्माण केलेली नाहीत. आपल्या मेंदूत लिंक्स नावाचं एक छोटं प्रथिन आहे. तेही तीन बोटांचंच, आणि ॲसिटिलकोलीन-ग्राहींचीच देखभाल करतं. सापाच्या मेटॅलोप्रोटीएझचं मूळ पृष्ठवंशीयांच्या अंगभर पसरलेल्या ॲडॅम या प्रथिनकुळात आहे. शरीराच्या रोजच्या कामातली प्रथिनं विषग्रंथीत येऊन शस्त्रं बनली. हे घडतं कसं? मुख्यतः जनुकाची प्रत निघून. घरात एकच विळी असेल तर तिचं पातं काढून कोयता करता येत नाही. त्या दिवशी स्वयंपाकच थांबेल. दुसरी विळी आली की पहिली चिरत राहते आणि दुसरीचं काय वाटेल ते करता येतं. जनुकाची जादा प्रत अशीच मोकळी असते. तिच्यात बदल साचले तरी शरीराचं अडत नाही आणि शिकारीत उपयोगी पडलेला बदल निवडीत टिकतो. विषप्रथिनांमध्ये हे बदल विलक्षण वेगानं होतात आणि तेही विशिष्ट ठिकाणी. गाभ्यातले गंधकबंध लाखो वर्षं जसेच्या तसे राहतात. पृष्ठभागावरची, ग्राहीला भिडणारी अमिनो आम्लं मात्र झपाट्यानं बदलत जातात.

विषाचा उगम एकदाच, साप आणि काही सरड्यांच्या सामायिक पूर्वजात झाला की निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे, याबद्दल २००६ पासून शास्त्रज्ञांमध्ये चांगलाच वाद आहे. मला तो वाद मोलाचा वाटतो, पण आजच्या प्रश्नासाठी तो निकाली निघायची वाट पाहण्याची गरज नाही. सुरुवात कुठेही झालेली असो, पुढची घडण शिकारीनं केली, याचे पुरावे भक्कम आहेत. जेनी डाल्ट्री आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आग्नेय आशियातल्या एका भूचर चापड्याच्या निरनिराळ्या ठिकाणच्या विषांतला फरक त्या त्या ठिकाणच्या आहाराशी जुळतो, असं दाखवलं. आपल्या कोकणात दगडाखाली सापडणाऱ्या फुरशाच्या नातेवाइकांवर २००९ मध्ये काम झालं. ज्या जाती विंचू खातात, त्यांचं विष विंचवांवर अधिक जहाल निघालं.

आता झाडावर जाऊ.

जमिनीवरची घोणस उंदराला डसते आणि सोडून देते. उंदीर धडपडत चार-सहा वावं जातो, पडतो, आणि घोणस जिभेनं वास घेत त्याच्या मागावर निघते. उलटून चावणारं जनावर तोंडात धरून ठेवण्याचा धोका तिला पत्करावा लागत नाही. फांदीवरच्या सापाला ही चैन नाही. डसलेला पक्षी सुटला, तर तो हवेत कुठलाही माग ठेवत नाही. डसलेला सरडा सुटला, तर वीस फूट खाली पाचोळ्यात पडतो. म्हणून झाडावरचे साप बहुधा शिकार धरून ठेवतात. ब्राझीलच्या साओ पावलो किनाऱ्यासमोर केमादा ग्रांदे नावाचं बेट आहे. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढून ते मुख्य भूमीपासून तुटलं. तिथं अडकलेल्या सोनेरी बोथ्रॉप्सला खायला उंदीर उरले नाहीत. तो झाडावर चढून स्थलांतरित पक्ष्यांवर जगू लागला आणि त्याचे भूचर भाऊबंद जिथं सोडून देतात तिथं तो पक्ष्याला तोंडात पकडून ठेवतो. आता तोंडात धरलेल्या पक्ष्याला चोच आहे, नखं आहेत, पंख आहेत, आणि साप शेपटीच्या विळख्यावर अधांतरी. झटापट लांबली तर पडण्याची किंवा डोळा जाण्याची भीती. विषानं काम लवकर उरकलं पाहिजे.

मागच्या दातांच्या सापांना ही अट आणखी कडक. नागाची किंवा घोणसीची विषग्रंथी स्नायूंच्या दाबानं पोकळ दातातून विष आत ढकलते. मांजऱ्या किंवा हरणटोळ यांची डुव्हर्नॉय ग्रंथी तशी नाही. तिच्यावर जोरकस स्नायू नाही, दात खाचेचा, विष चावता चावता झिरपतं. थोड्या विषात, थोड्या वेळात काम व्हायचं असेल, तर ते विष त्या शिकारीवर फार अचूक बसायला हवं. ही अचूकता कुठवर जाते, हे पाहून मी पहिल्यांदा वाचताना खरोखर थक्क झालो होतो.

आपल्या मांजऱ्याच्याच बोइगा या प्रजातीत बोइगा इरेग्युलॅरिस हा तपकिरी वृक्षसर्प येतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा उत्तर-पूर्व भाग, न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांचा. रात्री हिंडतो, पाली, सरडे, पक्षी, अंडी खातो. त्याच्या विषातून २००९ मध्ये योआना पावलाक आणि सहकाऱ्यांनी एक रेणू वेगळा काढला, नाव इर्डिटॉक्सिन. तीन बोटांचे दोन रेणू, एक ७५ अमिनो आम्लांचा आणि एक ७७ चा, एकमेकांना गंधकबंधानं जखडलेले. प्रत्येकात एक जादा सिस्टीन आलं, आणि त्या एका बदलानं दोघांची जोडी जुळली. कोंबडीच्या पिल्लाला दर ग्रॅम वजनामागे पाव मायक्रोग्रॅमहूनही कमी इर्डिटॉक्सिन घातक ठरलं. पालीला त्याच्या दुपटीहून थोडं जास्त लागलं. उंदरांना पिल्लाच्या शंभरपट दिलं, तरी विषबाधा झाली नाही. पक्ष्याच्या चेता-स्नायू संधीवर हा रेणू सस्तन प्राण्यांच्या संधीपेक्षा हजारपट प्रभावी निघाला. याआधी, २००६ मध्ये याच गटानं आग्नेय आशियातल्या खारफुटीत राहणाऱ्या बोइगा डेन्ड्रोफिलाच्या विषातून डेन्मोटॉक्सिन काढलं होतं. ते एकेरी, पण त्याचाही रोख पक्ष्यांकडे. पक्ष्याच्या स्नायूवर त्याचा परिणाम कायमचा होतो, उंदराच्या स्नायूवरचा सहज उतरतो.

असंच काही आफ्रिका-आशियापासून दूर, दक्षिण अमेरिकेत, वेगळ्या वंशातही घडलेलं आहे. ॲमेझॉनच्या जंगलातला स्पिलोटेस सल्फ्युरियस हा वृक्षसर्प सरडेही खातो आणि छोटे सस्तन प्राणीही. २०१८ मध्ये कॅसँड्रा मोडाल आणि सहकाऱ्यांना त्याच्या विषात तीन बोटांचे दोन वेगळे रेणू सापडले. सल्डिटॉक्सिन सरड्यांना मारतं, उंदरांना नाही. सल्मोटॉक्सिन उंदरांवर चालतं, सरड्यांवर नाही. एकाच सापाच्या एकाच ग्रंथीत, एकाच कुळातली दोन शस्त्रं, दोन निराळ्या भक्ष्यांसाठी. सरांना हा शोध दाखवायला मिळाला असता तर, असं मला फार वाटतं.

तपकिरी वृक्षसर्पाची गोष्ट प्रयोगशाळेत संपत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत तो लष्करी मालासोबत प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर पोचला, बहुधा ॲडमिरल्टी बेटांवरून. ग्वामच्या पक्ष्यांनी असा साप कधी पाहिलेला नव्हता. जंगलं हळूहळू मुकी होत गेली. आधी कीटकनाशकांवर संशय गेला, मग रोगांवर. जूली सॅव्हिज यांनी १९८७ मध्ये शोधनिबंधातून दाखवून दिलं की हे सापाचं काम. बेटावरच्या वनपक्ष्यांच्या १२ मूळ जातींपैकी १० तिथून नाहीशा झाल्या. ग्वामचा माशीमार पृथ्वीवरूनच गेला. पक्षी गेले आणि कोळी वाढले. शेजारच्या बेटांच्या तुलनेत ग्वामच्या जंगलात पावसाळ्यात कोळ्यांची संख्या ४० पटीपर्यंत जास्त मोजली गेली आहे. विषामुळेच पक्षी संपले, असं मी म्हणणार नाही. घरट्यातली अंडी गिळायला विष लागत नाही, आणि या सापाला न ओळखणारे पक्षी त्याच्यासाठी तसेही सोपे होते. पण पक्ष्यांसाठी खास घडलेलं विष घेऊन तो तिथं उतरला होता, हे विसरून चालत नाही. त्याच ग्वाममध्ये या सापानं माणसांनाही दंश केले आहेत. गंभीर लक्षणं दिसली ती मुख्यतः झोपलेल्या तान्ह्या बाळांत. मोठ्या माणसांवर याचं विष फारसं चालत नाही.

आणि या सापाविरुद्ध शेवटी कोणतं हत्यार सापडलं? पॅरासिटामॉल. मेलेल्या उंदराच्या पिल्लात ८० मिलिग्रॅमची मात्रा ठेवून असे उंदीर हवेतून जंगलात टाकले जातात. आपण तापात लहान मुलाला देतो त्या औषधाची ही मात्रा सापाचा जीव घेते. विष आणि औषध यांतली सीमा कुणाच्या शरीरात रेघ ओढली यावर ठरते, याचं याहून थेट उदाहरण मला माहीत नाही. ग्वामचा को’को’, म्हणजे पाणकोंबडीच्या कुळातला तिथला न उडणारा पक्षी, पिंजऱ्यातल्या पैदाशीतून शेजारच्या बेटांवर पुन्हा सोडला गेला आणि २०१९ मध्ये ‘जंगलातून नामशेष’ या यादीतून बाहेर आला. तिथला खंड्या, सिहेक, १९८८ पासून जंगलात उरला नव्हता. २०२४ मध्ये त्याचे काही पक्षी पामायरा या दूरच्या सापमुक्त प्रवाळबेटावर सोडले. ग्वामवर सोडण्याची सोय अजून नाही.

इथं मला एका मोजपट्टीबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. विषाची तीव्रता सांगताना आपण आकडा देतो : अर्धे उंदीर मरायला किलोमागे इतके मिलिग्रॅम. बाजारात मिळणारे पांढरे उंदीर स्वस्त, एकसारखे, सस्तन, म्हणून माणसाला जवळचे. प्रतिविष तपासायला ही पट्टी उपयोगाची आहे आणि तिला मी नावं ठेवत नाही. पण सापाच्या उत्क्रांतीबद्दल ती बोलू लागली की फसवते. तपकिरी वृक्षसर्पाचं संपूर्ण विष उंदरांवर तपासलं, तर पाली-कोंबड्यांच्या तुलनेत दहापट किंवा त्याहून जास्त लागतं. उंदराच्या आकड्यावर तो साप अगदी दुबळा ठरतो. उलट उदाहरण पेनांगच्या सर्पमंदिरात फांद्यांवर आणि वेदीवर पहुडलेल्या ट्रोपिडोलीमस वाग्लेरी या चापड्याचं. त्याच्या विषात वाग्लेरिन नावाची २२ ते २४ अमिनो आम्लांची चिमुकली पेप्टाइडं विपुल असतात. चापड्यांच्या जगात असा मज्जाविषारी पदार्थ इतक्या प्रमाणात असणं हेच आश्चर्य. वाग्लेरिन पांढऱ्या उंदराच्या स्नायूंवरच्या ग्राहीला घट्ट चिकटतं. माणसाच्या त्याच ग्राहीला खूपच सैल. म्हणजे इथं उंदीर सापाला आहे त्यापेक्षा भयंकर ठरवतो. दोन वृक्षसर्प, मोजपट्टी एकच, आणि चूक दोन विरुद्ध दिशांना. आपल्या पुस्तकांतले विषारी, निमविषारी, बिनविषारी हे कप्पे शेतकऱ्यासाठी आणि डॉक्टरसाठी आवश्यकच आहेत. मांजऱ्या निमविषारी आहे हे अगदी बरोबर, माणसाच्या हिशेबानं. अंगणातल्या सरड्याला विचारलं तर तो पूर्ण विषारी आहे.

मग झाडावर राहणाऱ्या सगळ्या सापांचं विष एकाच साच्याचं व्हायला हवं का? हा प्रश्न कोस्टारिकातल्या क्लोडोमिरो पिकादो संस्थेच्या संशोधकांनी स्पेनमधल्या सहकाऱ्यांबरोबर फार सुंदर रीतीनं तपासला. मध्य अमेरिकेत बोथ्रीएकिस नावाचे ताडमाडांवर राहणारे चापडे आहेत. जवळचे नातेवाईक, राहणी सारखी, खाणं बरंचसं सारखं. विषं उघडून पाहिली, तर एकाचं मेटॅलोप्रोटीएझनं भरलेलं. दुसऱ्यात फॉस्फोलायपेझ आणि रक्तदाब पाडणारी पेप्टाइडं पुढे. तिसऱ्यात, म्हणजे उंच डोंगरातल्या बोथ्रीएकिस निग्रोव्हिरिडिसमध्ये, मेटॅलोप्रोटीएझ जवळजवळ सापडलंच नाही. त्याऐवजी काही रॅटलस्नेकांच्या क्रोटॉक्सिनशी नातं सांगणारं दोन भागांचं मज्जाविष. म्हणजे एका सख्ख्या घरात तीन चुली. झाडानं प्रश्न घातला : शिकार हातची जाऊ देऊ नकोस. उत्तर प्रत्येक वंशानं आपापल्या हाताशी असलेल्या जनुकांतून दिलं. रक्तदाब एकदम कोसळवला तरी पक्षी निपचित पडतो, रक्त गोठवलं तरी पडतो, स्नायू लुळे केले तरी पडतो.

आफ्रिकेतल्या माम्बांनी तर चौथाच मार्ग काढला, स्नायू लुळे करण्याच्या नेमका उलटा. हिरव्या माम्बाच्या विषातलं डेन्ड्रोटॉक्सिन मज्जातंतूच्या टोकातल्या पोटॅशियम-वाहिन्या बुजवतं. त्यामुळे ॲसिटिलकोलीन भरमसाट बाहेर पडतं. त्याच विषातलं फॅसिक्युलिन ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला अडवतं. आत ओतणं वाढलं, उपसणं थांबलं. स्नायू थडथड उडत राहतात आणि भक्ष्याला पळता येत नाही. दोन्ही रेणू वेगवेगळ्या कुळांतले, पण एकमेकांची ताकद वाढवतात. पूर्वेकडच्या हिरव्या माम्बाच्या विषात तीन बोटांची विषं सुमारे ६९ टक्के आणि डेन्ड्रोटॉक्सिनचं कुळ १६ टक्के. बराच काळ जमिनीवर वावरणाऱ्या काळ्या माम्बात प्रमाण उलटं, डेन्ड्रोटॉक्सिनं ६१ टक्के आणि तीन बोटांची ३१ टक्के. याचा अर्थ झाड सोडलं म्हणून विष बदललं, असा लगेच काढू नये. दोन जातींच्या तुलनेवर एवढा भार टाकता येत नाही. पण या विषांतून माणसाला मिळणाऱ्या गोष्टी पाहा. काळ्या माम्बाच्या विषातून २०१२ मध्ये माम्बाल्जिन ही वेदनाशामक पेप्टाइडं सापडली. हिरव्या माम्बाच्या विषातून २०१७ मध्ये माम्बाक्वारेटिन. उंदरांवरच्या प्रयोगांत मूत्रपिंडात गळवं होण्याचा आनुवंशिक विकार त्यानं आटोक्यात ठेवला. एका विशिष्ट ग्राहीवर अचूक बसणं हा सापाचा गुण औषधशास्त्राला हवाच असतो.

आता आपल्या सह्याद्रीकडे येतो. आंबोलीला, राधानगरीला, कोयनेला पावसाळ्याच्या रात्री जे गेले आहेत, त्यांनी मलबारी चापडा पाहिला असेल : कधी शेवाळी हिरवा, कधी तपकिरी, कधी नारिंगी. झऱ्याच्या काठच्या झुडपावर तासन् तास एका जागी. बेडूक, पाली, पाखरांची पिल्लं, उंदीर, असा त्याचा आहार. बांबूच्या बेटात हिरवा चापडा असतो. वेलीत वेल होऊन राहणारा हरणटोळ तर सगळ्यांना माहीत. तो झाडावरून उडी घेऊन माणसाची टाळू फोडतो, ही समजूत कोकणात अजून जिवंत आहे आणि त्यापायी हजारो निरुपद्रवी जीव काठीखाली जातात. हरणटोळाचे मागचे दात पाली-सरड्यांसाठी आहेत. माणसाला चावला तर थोडी सूज आणि ठणका, एवढंच. मलबारी चापड्याचा दंश मात्र हलका समजू नये. वेदना तीव्र, सूज वर चढत जाणारी, कधी फोड, कधी रक्त गोठण्यात बिघाड. मृत्यू क्वचितच होतो. पण बांबू तोडणारा, काजूच्या बागेत साफसफाई करणारा मजूर आठवडेच्या आठवडे कामावरून बसतो, आणि त्याचं हातावरचं पोट असतं.

त्याला रुग्णालयात नेल्यावर काय होतं? भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची विषं घोड्यांना टोचून बनवतात. चापडा त्यात नाही. प्रतिविषासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं आणि तिथंही हेच चार साप. सूज पाहून, साप न ओळखता, घोणस समजून बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या तर फायद्याची खात्री नाही. घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जिक प्रतिक्रिया येण्याचा धोका मात्र पुरेपूर. तालुक्याच्या ठिकाणचा तरुण डॉक्टर या पेचात एकटा असतो. त्याच्या हाताशी काचेच्या नळीतली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी असते. ती पुन्हा पुन्हा करत रुग्णाला देखरेखीखाली ठेवणं आणि लांबून काढलेला का होईना, सापाचा फोटो मागणं, एवढं तो करू शकतो. साप मारून पिशवीत घालून आणू नका, हे मी या व्यासपीठावरून कळकळीनं सांगतो. मेलेल्या सापाच्या तोंडूनही दंश होतो.

चौघांवरच भर का, याचं कारण मला मान्य आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले बहुतेक मृत्यू जमिनीवरच्या सापांचे. आधी त्यांच्याकडे बघणं हे योग्यच होतं. पण थायलंडच्या रेडक्रॉसची राणी सओवाभा संस्था हिरव्या चापड्याचं स्वतंत्र प्रतिविष बनवते, दक्षिण आफ्रिकेत बूमस्लँगचं स्वतंत्र प्रतिविष आहे. पश्चिम घाटातल्या चापड्यांसाठी ते करण्याइतकं शास्त्र आपल्याकडे आहे. परळच्या हाफकिनमध्ये सर्पविषावरच्या कामाची परंपरा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा या चौघांपलीकडच्या सापांची विषं तपासते आहे. उणीव आहे ती मागणी करणाऱ्यांची, कारण चापडा चावलेला माणूस बहुधा जगतो आणि जगलेल्याची नोंद होत नाही. ग्रामीण रुग्णालयांनी दंशाच्या नोंदवहीत ‘साप’ एवढंच न लिहिता जात लिहायला सुरुवात केली, तरी मागणी उभी राहील.

शेवटी, पुढच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक काम. २०१९ मध्ये कोयनेच्या परिसरातून मांजऱ्याची एक नवी जात शास्त्रात नोंदली गेली, बोइगा ठाकरेयी. वरद गिरी, अशोक कॅप्टन, अभिजित दास आणि सहकाऱ्यांचं हे काम. पश्चिम घाटातून बोइगाची नवी जात १२५ वर्षांनी मिळाली. हा साप ओढ्याकाठच्या झाडांवर फिरतो आणि बेडकांची अंडी खाताना दिसला आहे. आता इथं सरांचा प्रश्न लावा. ऑस्ट्रेलियाकडच्या समुद्रातला आयपिसुरस प्रजातीतला एक समुद्रसर्प माशांची अंडी खाऊ लागला. अंड्यांना मारावं लागत नाही. त्याच्या तीन बोटांच्या विषाच्या जनुकात दोन अक्षरं गळाली, प्रथिन अर्धवट राहू लागलं, विषाचा जोर ५० ते १०० पटींनी घटला आणि ग्रंथीही खुरटली. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपला कोयनेचा मांजऱ्या त्याच वाटेवर किती पुढे गेला आहे, की पाली-बेडकांसाठी त्यानं जुनं विष राखून ठेवलं आहे? वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन, सापाला इजा न करता काढलेलं काही मायक्रोलिटर विष आणि ग्रंथीतल्या जनुकांचं वाचन, एवढ्यावर हे कळू शकतं. पहिली दोन वर्षं मात्र विषाला हात लावायचा नाही. जून ते सप्टेंबर ओढ्याकाठी रात्री बसून, हा साप नेमकं काय काय खातो याची यादी करायची.